येद पोस्टेरियर : एका ताऱ्याच्या अर्ध्या नावाची गोष्ट

नववीच्या वर्गावर माझा मराठीचा तास चालू होता. धड्यात ‘हातखंडा’ हा शब्द आला. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना जमेल तिथे मी उर्दूतला जवळचा शब्द सांगते. ‘हातखंडा असणे’ म्हणजे आपल्याकडचे ‘यद-ए-तूला रखना’. यद म्हणजे हात, तूला म्हणजे लांब. ज्याचा हात दूरवर पोहोचतो तो त्या कामात तरबेज, असे मी समजावून सांगितले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “टीचर, आसमानातपण एक यद आहे. येद पोस्टेरियर नावाचा तारा. मोबाईलवर वाचलं.” आकाशातल्या कितीतरी ताऱ्यांची नावे अरबी आहेत, असा एक संदेश त्याला कुणीतरी पाठवला होता. मला फार आनंद झाला. मी खडू घेतला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘यद’ लिहिले आणि म्हटले, “हो, ही नावं आपल्या लोकांनी दिली. जगाला आकाश वाचायला आपण शिकवलं.” वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मुलांनी टाळ्या का वाजवल्या, हे मला ठाऊक आहे. ‘तुम्ही लोकांनी’ काय काय मोडले, काय काय बिघडवले, हे या मुलांच्या कानांवर रोज पडते. तुम्ही काही दिले, असे त्यांना क्वचितच कुणी सांगते. एखादा शिक्षक तसे म्हणाला की मुले सरळ होऊन बसतात.

टाळ्या थांबल्यावर त्याच मुलाने विचारले, “टीचर, यद आपला. मग पोस्टेरियर कोण?”

मी म्हटले, “उद्या सांगते.” तो उद्या लवकर आलाच नाही. परीक्षा आल्या, सुट्टी लागली. सुट्टीत वाचत बसले, तेव्हा फळ्यावर लिहिलेले माझे वाक्य निम्म्याहून अधिक चुकीचे होते हे लक्षात आले.

आधी तारा पाहून घेऊ

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. पुरुषमंडळी तरावीह पढून परतली की गच्चीवर गार वाऱ्याला बसायची आमच्या घरची पद्धत. तिथूनच मी हा तारा शोधला. तुम्हालाही शोधता येईल. मेअखेरीस रात्री दहा-अकराच्या सुमारास आग्नेयेकडे वृश्चिक रास वर येते. तिच्यातला तांबूस, ठळक तारा म्हणजे ज्येष्ठा. हात लांब करून ज्येष्ठापासून साधारण एक वीत वर गेलात की दोन तारे जोडीने दिसतात. त्यातला थोडा तेजस्वी आणि लालसर तो येद प्रायर. त्याच्या खालच्या अंगाचा, थोडा मंद आणि पिवळट तो आपला येद पोस्टेरियर. त्याची प्रत 3.2 आहे. शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात तो चटकन नजरेत भरत नाही. आधी अंधाराला डोळे सरावावे लागतात.

मध्यरात्रीपर्यंत तो दक्षिणेकडे चांगला उंच चढतो. जून उजाडला की आपल्याकडे ढग येतात आणि मग तो महिनोन्‌महिने हाती लागत नाही. एवढ्या कमी दिवसांचा हा पाहुणा आहे.

बेदूइनांची रांग आणि यवनांचा गारुडी

मला पहिला धक्का बसला तो इथे. इस्लामपूर्व काळापासून वाळवंटात राहणाऱ्या अरबांच्या नजरेला आकाशाच्या या भागात हात दिसतच नव्हता. त्यांना दिसत होत्या ताऱ्यांच्या दोन रांगा. उत्तरेकडच्या रांगेला ते म्हणत ‘अन-नसक अश-शामी’, म्हणजे शामकडची. दक्षिणेकडच्या रांगेला म्हणत ‘अन-नसक अल-यमानी’, म्हणजे यमनकडची. आपला तारा या दुसऱ्या रांगेतला. ‘नसक’ हा शब्द उर्दू वाचणाऱ्यांना परका नाही. कारभाराला आपण ‘नज्म-ओ-नसक’ म्हणतो, त्यातला तो नसक म्हणजे शिस्त, ओळ. दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेला त्यांनी कुरण मानले होते, ‘रौजा’. आपल्या खुलताबादचे जुने नाव रौजा, तोच हा शब्द. जवळच्या एका ताऱ्याला मेंढपाळ आणि दुसऱ्याला त्याचा कुत्रा केले होते. मेंढरे राखणाऱ्यांनी आकाशातही मेंढरेच पाहिली.

मग हात आला कुठून? तो आला ग्रीकांकडून. ग्रीकांना इथे दोन्ही हातांनी साप धरलेला माणूस दिसत होता, ओफियुकस. मराठीत आपण त्याला भुजंगधारी म्हणतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात राहणाऱ्या टॉलेमीने हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी केली. त्याने बहुतेक ताऱ्यांना नावे दिली नाहीत, पत्ते दिले. माणसाच्या डोक्यावरचा, उजव्या खांद्यावरचा, डाव्या हातातल्या दोघांपैकी पुढचा, डाव्या हातातल्या दोघांपैकी मागचा. आपला तारा म्हणजे ‘डाव्या हातातल्या दोघांपैकी मागचा’. पुढचा-मागचा म्हणजे उगवण्याच्या क्रमाने. येद प्रायर आधी उगवतो, येद पोस्टेरियर काही मिनिटांनी त्याच्या मागून येतो.

म्हणजे हात ग्रीकांचा आणि पुढे-मागेही ग्रीकांचेच. शब्द तेवढा अरबी. जाता जाता एक गंमत. मराठी बखरी आम्हाला यवन म्हणतात, पण प्राचीन संस्कृत ग्रंथांतले यवन म्हणजे ग्रीक. तेव्हा ‘यवनांनी दिलेला हात’ असे म्हटले तर ते दोन्ही अर्थांनी थोडे थोडे खरे ठरेल.

बगदाद, शिराज, टोलेडो

टॉलेमीच्या ग्रंथाला आपण ओळखतो ते ‘अल-मजिस्ती’ या नावाने. ग्रीक शब्द ‘मजिस्ती’, म्हणजे सर्वांत मोठा, त्याला अरबी ‘अल’ जोडलेला. ग्रंथाचेच नाव असे दोन भाषांचे, मग त्यातल्या ताऱ्याचे असले तर नवल काय?

नवव्या शतकात अब्बासी राजवटीत त्याची अरबी भाषांतरे झाली. पुढे सर्वाधिक चाललेले भाषांतर इस्हाक बिन हुनैन याचे. ते तपासून सुधारले साबित बिन कुर्रा याने. इस्हाक नेस्टोरियन ख्रिस्ती होता. साबित हर्रानचा, साबी पंथाचा. आकाशस्थ ग्रह-ताऱ्यांना पूज्य मानणारे ते लोक. दोघांचीही बगदादने कदर केली. ‘आपल्या लोकांनी’ असे मी वर्गात म्हटले तेव्हा हे दोघे माझ्या मनात नव्हते. असायला हवे होते.

त्यानंतर येतो तो माणूस, ज्याच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. अब्दुल रहमान अल-सूफी. जन्म इराणमधल्या रय गावचा, 903 सालचा. बुवैही अमीर अझुद अल-दौला याच्या दरबारात तो होता. 964 च्या सुमारास त्याने ‘किताब सुवर अल-कवाकिब’, म्हणजे ताऱ्यांच्या आकृत्यांचे पुस्तक, लिहून पूर्ण केले. त्याने प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रे दिली. एक जमिनीवरून आकाशात दिसते तसे, दुसरे खगोलाच्या गोळ्यावर काढतात तसे, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे. अनेकजण गोळ्यावरचे चित्र पाहून आकाश शिकत आणि मग डावे-उजवे चुकत. आकाशाकडे न पाहता गोळ्यांवरून आणि पुस्तकांवरून नक्कल करणाऱ्यांवर त्याने स्पष्ट टीका केली आहे.

ग्रीकांच्या पद्धतीने तारे सांगून झाले की त्याच ताऱ्यांना जुने अरब काय म्हणत, हेही तो वेगळे नोंदवतो. गारुड्याचा हातही सांगतो आणि यमनकडची रांगही. एकाने दुसऱ्याला पुसून टाकावे असे त्याला वाटले नाही.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. ताऱ्यांच्या जागा त्याने नव्याने मोजल्या नाहीत. टॉलेमीच्या अंशांमध्ये 12 अंश 42 कला मिळवून त्या आपल्या काळापर्यंत आणल्या. तेजस्वितेच्या प्रती मात्र त्याने स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्या. जागा नव्याने मोजण्याचे मोठे काम पुढे समरकंदच्या उलुगबेगच्या वेधशाळेत झाले. त्याची यादी 1437 ची, एक हजार अठरा ताऱ्यांची.

इकडे स्पेनमधले टोलेडो 1085 मध्ये ख्रिस्ती राजवटीखाली गेले होते. तिथली अरबी पुस्तके मात्र जागेवरच होती. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड ‘अल-मजिस्ती’ मिळावे म्हणून टोलेडोला आला, अरबी शिकला आणि 1175 च्या सुमारास त्याने तिचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले. या कामात त्याला गालिब नावाच्या अरबी जाणणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती माणसाची मदत झाली. पुढची काही शतके युरोपने टॉलेमी वाचला तो बहुतांशी याच अरबीवरून झालेल्या लॅटिन प्रतीतून. अरबी शब्द लॅटिनमध्ये शिरले ते असे. गारुड्याला अरबीत ‘हव्वा’ म्हणतात. त्याचे डोके ‘रास अल-हव्वा’, त्याचे झाले ‘रासलहेग’. सापाची मान ‘उनुक अल-हय्या’, तिचे झाले ‘उनुकलहाय’. आणि ‘यद’चे झाले ‘येद’.

मग पोस्टेरियर कोण? तो लॅटिनमधला ‘मागचा’. म्हणजे ग्रीक टॉलेमीचाच पत्ता अरबीतून फिरून लॅटिनमध्ये उतरला. 1603 मध्ये जर्मनीच्या योहान बायरने ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली, त्यात याला एप्सिलॉन मिळाले. आणि 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने ‘येद पोस्टेरियर’ हे नाव अधिकृत केले.

तारा आहे तरी कसा

इथवर गोष्ट नावाची झाली. ज्याला हे सारे लोक नाव देत होते, तो स्वतः कसा आहे, हे त्यांच्यापैकी कुणालाही कळण्याची सोय नव्हती.

येद पोस्टेरियर आपल्यापासून सुमारे 106 प्रकाशवर्षे दूर आहे. आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा इकडे खिलाफत चळवळीचे दिवस होते. अल-सूफीने 964 मध्ये पाहिलेला प्रकाश 858 च्या आसपासचा, म्हणजे बगदादमध्ये भाषांतरांचा जोर होता तेव्हाचा. आणि जोडीने दिसणारे ते दोन तारे खरे शेजारी नाहीतच. येद प्रायर जवळपास 170 प्रकाशवर्षांवर आहे. एका हातात आपण त्यांना बसवले, एवढेच.

त्याचे वस्तुमान सूर्याच्या 1.85 पट, म्हणजे दुपटीपेक्षा थोडे कमी. त्रिज्या मात्र सूर्याच्या 10.4 पट. वजन दुपटीच्या आत आणि आकारमान अकराशे पटीहून जास्त, याचा अर्थ काय होतो? कागदावर भागाकार करून पाहिला. सरासरी घनता निघाली आपल्या भोवतालच्या हवेच्या जेमतेम दुप्पट. विश्वास बसेना म्हणून शाळेतल्या गणिताच्या सरांकडून आकडेमोड तपासून घेतली. बरोबर होती. आत गाभा अतिशय दाट आणि वर पसरलेला प्रचंड, विरळ वायू, असा हा राक्षसी तारा. त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीच्या निम्मेच भरते.

पृष्ठभागाचे तापमान 4,900 केल्विनच्या आसपास. सूर्याचे 5,772. सूर्यापेक्षा थंड, म्हणून रंग पिवळ्यातून नारिंगीकडे झुकणारा. पण पृष्ठभाग एवढा मोठा की एकूण प्रकाश सूर्याच्या पन्नास पटीहून अधिक. आपल्याला तो मंद दिसतो तो अंतरामुळे. शास्त्रज्ञ याला पुष्कळदा ‘लाल राक्षसी’ ताऱ्यांत मोजतात, रंगाने पिवळा असला तरी. ते नाव रंगाचे नसून आयुष्यातल्या टप्प्याचे आहे. याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे आणि तो फुगला आहे. जड तारे इंधन भराभर जाळतात. त्यामुळे वयाने सूर्यापेक्षा लहान असूनही हा म्हातारपणाला लागला आहे.

ताऱ्याची नब्ज

ताऱ्याच्या आतले कळते कसे? हकीम जसा मनगटावर बोट ठेवून नब्ज पाहतो, तसेच काहीसे. ताऱ्याच्या पोटात उकळणाऱ्या वायूमुळे ध्वनिलहरी निर्माण होतात आणि अख्खा तारा सूक्ष्म प्रमाणात आत-बाहेर होतो. सूर्यातही असे होते, साधारण पाच मिनिटांच्या तालावर. दिमडीचा आवाज बारीक आणि नगाऱ्याचा खर्जातला, तसे फुगलेल्या ताऱ्याचा ताल संथ असणार.

2006 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी फ्रान्स आणि चिली इथल्या वेधशाळांतून केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. येद पोस्टेरियरचा पृष्ठभाग सेकंदाला काही मीटर एवढ्या वेगाने पुढे-मागे होत होता. एक हेलकावा साधारण साडेचार तासांचा. पण जमिनीवरून दिवसा तारा दिसत नाही, त्यामुळे नोंदीत खंड पडत होते. सुरांमधले अंतर नेमके किती, याची दोन उत्तरे येत होती आणि कुठले खरे ते ठरत नव्हते.

मग कॅनडाचा ‘मोस्ट’ हा उपग्रह मदतीला आला. 2003 मध्ये सोडलेला, सुटकेसएवढा, आतल्या दुर्बिणीचा आरसा अवघा 15 सेंटीमीटरचा. त्याने सलग 28 दिवस या ताऱ्याकडे नजर लावली आणि सारख्या अंतरावर असलेले किमान सात सूर मिळवले. तरी वाद संपला नाही. हे सूर दोन-तीन दिवसांत विरून जातात, असे एका गटाने म्हटले. त्याच नोंदी दुसऱ्या गटाने पुन्हा तपासल्या आणि सूर बराच काळ टिकतात, शिवाय त्यांचे प्रकारही जास्त आहेत, असे मांडले.

2009 मध्ये याच ताऱ्यावर एक शोधनिबंध आला. त्यातले पहिले नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले. अन्वेष मजुमदार, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मुंबई. मानखुर्दची ती संस्था. फ्रान्स, अमेरिका, कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबरचे ते काम होते. त्यांनी एकाच ताऱ्याची त्रिज्या दोन वाटांनी काढली. पहिली वाट सुरांची. ताऱ्याची गणिती प्रतिकृती तयार करून ती ‘मोस्ट’च्या सुरांशी जुळवली. उत्तर आले सूर्याच्या 10.55 पट, 0.15 इकडे-तिकडे. दुसरी वाट थेट मोजण्याची. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर ‘चारा’ नावाची सहा दुर्बिणींची मांडणी आहे. त्यातल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून ताऱ्याची चकती मोजली. ती चकती किती लहान असेल? पाच रुपयांचे नाणे मुंबईत ठेवून ते कोलकात्याहून पाहावे, साधारण तेवढी. ती अंतराशी ताडून उत्तर आले 10.39 पट, 0.07 इकडे-तिकडे.

पहिल्या वाटेला दुसरीचे उत्तर आधी सांगितलेले नव्हते. एकमेकांना न भेटलेल्या दोन साक्षीदारांनी वेगवेगळे येऊन एकच गोष्ट सांगावी, तशी ही साक्ष. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात एकच रिवायत वेगवेगळ्या सनदींनी आली की तिचे वजन वाढते, त्याची मला आठवण झाली.

हा तारा गाभ्याभोवतीच्या थरात हायड्रोजन जाळतो आहे की गाभ्यात हेलियम, हा एक प्रश्न मात्र त्या निबंधातही सुटला नाही. दोन्ही प्रतिकृती सुरांशी जवळपास सारख्याच जुळल्या, आणि त्यांनी तसेच लिहिले.

फळ्यावरची दुरुस्ती

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुले आता दहावीत होती. मराठीच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर पुन्हा ‘यद’ लिहिले आणि म्हटले, “मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं.” मग ही सारी गोष्ट सांगितली. अरबांची रांग, ग्रीकांचा हात, ख्रिस्ती इस्हाक, साबी साबित, इराणचा अल-सूफी, टोलेडोचा जेरार्ड, मानखुर्दचे मजुमदार.

खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती. एवढीशी अभिमानाची गोष्ट त्यांना मिळाली होती, ती मीच काढून घेत होते. पण ‘सगळे आमच्याच ग्रंथात होते’ असे दुसरे कुणी म्हणते तेव्हा आपण हसतो. मग ‘सगळी नावे आमचीच’ हे आपल्या तोंडून वेगळे कसे ठरेल? आणि मोबाईलवरचा संदेश पुढे ढकलणे ही तर गोळ्यावरून आकाश शिकण्याचीच तऱ्हा. त्याबद्दल अल-सूफीने हजार वर्षांपूर्वीच खडसावून ठेवले आहे.

तो मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “टीचर, मग यात आपलं काय?”

मी म्हटले, “अल-सूफीने मोठं पुस्तक समोर असताना गच्चीवर जाऊन तारे पाहिले. ते आपलं. इस्हाक आणि साबितला बगदादने आपल्यात बसवलं. तेही आपलं. तारा कुणाचाच नाही.”

“तुम्ही पाहिला?”

“पाहिला. मेमध्ये.”

त्याने खिडकीबाहेर पाहिले. आभाळ भरून आले होते. मी त्याला शोधायची खूण सांगितली, ज्येष्ठापासून एक वीत वर. त्याने ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि खाली लिहिले, ‘पुढच्या मेमध्ये’. त्यानंतर आम्ही धडा सुरू केला.